कंपहरेश्वराच्या गावी

बदलीचा हुकूम हाती पडला की सरकारी नोकर आधी नकाशा उघडतो, मग मुलांच्या शाळेचा विचार करतो आणि शेवटी माळ्यावरची खोकी मोजतो. आमच्या खोक्यांत एक खोके असे आहे की ते सातारा सोडल्यापासून प्रत्येक गावी आमच्याबरोबर आले आणि कोठेही उघडले गेले नाही. त्यात जुन्या कॅसेटी, तबकड्या आणि ज्यांची यंत्रे केव्हाच भंगारात गेली अशा कसल्या कसल्या तारा आहेत. परप्रांती राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बहुतेकांच्या घरी असे एखादे खोके असणारच. ते टाकवत नाही आणि उघडवतही नाही.

सध्या आमचा मुक्काम तिरुभुवनम् येथे आहे. कुंभकोणाहून मायिलाडुतुरैच्या रस्त्याने सात-आठ किलोमीटर आले की हे गाव लागते. कचेरी कुंभकोणात आणि बिऱ्हाड येथे, अशी आमची वाटणी. गावाची कीर्ती दोन गोष्टींची. एक येथील रेशमी साड्या. त्यांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यांची पंख्यासारखी घडी घालण्याची रीत दूरवर ओळखली जाते. दुसरी, तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेले कंपहरेश्वराचे मंदिर. तमिळमध्ये ‘नडुक्कम्’ म्हणजे कापरे. ते कापरे दूर करणारा म्हणून हा देव कंपहरेश्वर. संस्कृत नाव ऐकताच आम्हांला अर्थ कळला आणि पहिल्याच दिवशी मनात कोठे तरी चर्र झाले. त्याचे कारण पुढे सांगतो.

गेल्या मार्गशीर्षात ताईचा फोन आला. भाचीचे लग्न ठरले होते. भाचीला आपल्या आईच्या लग्नाचे चलच्चित्र मोबाइलवर हवे होते, आणि ती तबकडी आमच्याच खोक्यात होती. “तू कर पाठवायची व्यवस्था,” ताई म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, “कन्यादानानंतरचा तो भाग मात्र वगळ. अप्पांचा हात दिसतो तेवढा.”

आम्ही ‘बरे’ म्हटले. कोणता भाग, हे विचारण्याची गरज नव्हती.

ताईचे लग्न १९९४ साली साताऱ्यास झाले. चित्रण व्हीएचएस कॅसेटवर होते. पुढे घरातले यंत्र बिघडले, म्हणून २००५ साली पुण्यातल्या एका दुकानातून आम्ही त्याची डीव्हीडी करवून घेतली. मूळ कॅसेट परत आली खरी, पण रत्नागिरीच्या दोन पावसाळ्यांत तिला अशी बुरशी चढली की फीत फिरवावी तर ती तुटू लागली. उरली ती तबकडी. त्या वर्षी दिवाळीत सगळे घर दूरचित्रवाणीसमोर बसून ती पाहत होते. अप्पाही बसले होते. त्यांना कंपवात झाल्यास तेव्हा चार वर्षे झाली होती आणि मांडीवर ठेवलेला त्यांचा उजवा हात आपला आपण हलत असे. पडद्यावर कन्यादान संपले. अप्पांनी ताईच्या मस्तकावर ठेवण्यासाठी हात उचलला, आणि तो हात पडद्यावर कापत कापत वर गेला. खोलीत कोणी बोलले नाही. ताई उठून स्वयंपाकघरात गेली. रात्री तिने आम्हांला एवढेच विचारले, “त्या दिवसापासूनच होते ना रे?”

त्या लग्नासाठी अप्पांनी सोसायटीचे कर्ज काढले होते, हे ताईला नंतर कळले होते. कर्ज, काळजी आणि कापरे अशी एक साखळी तिने मनात जुळवली ती जुळवलीच. अप्पा २००९ साली गेले. त्यानंतर ती तबकडी कोणी लावली नाही.

आता आम्ही काही यंत्रविद्येतले जाणकार नव्हे. फायलींत आयुष्य गेले, पण त्या कागदाच्या. तेव्हा आम्ही आरंभ केला तो अज्ञान्याच्या आत्मविश्वासाने. तबकडीवर एकेक जीबीच्या चार मोठ्या फायली आणि एक छोटी, असे पाच तुकडे होते. त्यांच्या नावाचे शेपूट बदलून ‘एमपी-४’ केले आणि एक तुकडा मोबाइलवर घातला. चित्र दिसले, आवाज नाही. दुसऱ्या मोबाइलवर तोही तुकडा उघडेना. येथे आम्हांला पहिला धडा मिळाला. फाइलचे नाव हे डब्यावरची चिठ्ठी आहे. डब्यात चित्र कोणत्या रीतीने घडी करून ठेवले आहे आणि आवाज कोणत्या रीतीने, हे चिठ्ठी सांगत नाही. डीव्हीडीतले चित्र ‘एमपेग-२’ पद्धतीचे होते आणि आवाज ‘एसी-३’ पद्धतीचा. तो आवाज उलगडण्याची सोय पुष्कळ मोबाइलांत नसते. साखरेच्या डब्यावर ‘मीठ’ लिहिल्याने साखर खारट होत नाही, हे ज्यांना स्वयंपाकघरात कळते त्यांनाही संगणकासमोर बसले की विसरायला होते.

मग रीतसर रूपांतर करण्याचे ठरवले. यासाठी एफएफएमपेग नावाचा एक विनामूल्य कार्यक्रम आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने तो २००० साली सुरू केला आणि बाजारातल्या कित्येक रूपांतर-यंत्रणांच्या पोटात आज तोच काम करतो. आम्ही पाचही तुकड्यांचे वेगवेगळे रूपांतर केले आणि मग ते एकापुढे एक जोडले. पहिला तुकडा उत्तम. दुसऱ्यात ओठ आणि शब्द यांच्यात किंचित अंतर. मंगलाष्टकांपर्यंत पोचलो तो अक्षता आधी पडत आणि ‘सावधान’ मागाहून ऐकू येई. हे तुकडे अर्थाच्या जागी तोडलेले नसतात. एक जीबी भरला की तेथे फाइल तुटते, मग चित्राचा वा आवाजाचा एखादा गट मधोमध का चिरला जाईना. प्रत्येक तुकडा स्वतंत्र धरला की प्रत्येक सांध्यावर थोडे थोडे हरवते. म्हणून आधी तुकडे जोडून अखंड करावे आणि मग रूपांतर करावे. क्रम उलटा झाला एवढाच आमचा दोष होता. त्या वेळी आम्हांला ठाऊक नव्हते, पण या सगळ्या प्रकरणाचे मर्म याच शब्दात होते : क्रम.

तिसऱ्या खेपेस आवाज जागेवर आला, पण माणसे बारीक झाली. आमचे मामा त्या काळी चांगले आडव्या अंगाचे होते. ते पडद्यावर उपोषण करून आल्यासारखे दिसू लागले. याचेही कारण सरळ निघाले. त्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात, पण ते ठिपके चौरस नसून आडवे थोडे रुंद धरायचे असतात. तसे धरले तर चित्र चारास तीन या प्रमाणात येते. चौरस धरले तर ते पाचास चार होते आणि मामा वाळतात. रूपांतर करताना हे प्रमाण सांगावे लागते. सांगितले, आणि मामा पूर्ववत झाले.

आता राहिला तो हात.

ताईने वगळ म्हटलेला भाग कोठून कोठवर कापायचा, हे ठरवण्यासाठी तो पाहणे भाग होते. मूळ तबकडी संगणकावर लावली आणि त्या जागी आलो. अप्पांनी हात उचलला. तो कापला नाही! हाताच्या कडेला मात्र कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसत होत्या. आम्ही डोळे चोळले. नंतर आम्ही केलेले रूपांतर लावले. त्यात हालचाल मऊ दिसावी म्हणून सेकंदाला पंचवीसऐवजी पन्नास चित्रे करण्याचा पर्याय आम्ही निवडला होता. त्यात हात २००५ सालच्या दिवाळीत कापला होता तस्साच कापत होता. तोच हात, तीच तबकडी. एकीकडे स्थिर आणि एकीकडे कंपित.

रात्री जेवण झाल्यावर शेजारचे विणकर गृहस्थ नेहमीप्रमाणे ओसरीवर आले. ते सौराष्ट्र समाजाचे. घरी त्यांची सौराष्ट्री बोली, बाहेर तमिळ. आमच्या घरात कोणी ‘पाणी’ म्हटले की त्यांच्या नातवाला कळते, याचे आम्हा दोघांनाही पहिल्या दिवसापासून कौतुक आहे. संगणकावर चित्र थांबवलेले होते. त्यांनी चष्मा पुढे ओढून त्या कंगव्याच्या दातांकडे बराच वेळ पाहिले. मग आपल्या सावकाश तमिळमध्ये, आम्हांला समजेल अशा बेताने, म्हणाले, “सार, कार्डे उलटसुलट ओवली गेली की आमच्या बुट्टीची कड अशीच येते.”

जकार्डचा माग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लिओं शहरच्या जकार्ड या कारागिराने १८०४ साली ही युक्ती सिद्ध केली. मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ फिरत असते. धोटा एकदा इकडून तिकडे जाताना ताण्याचे कोणते धागे वर उचलायचे, ते त्या त्या पुठ्ठ्यावरची भोके ठरवतात. पदरावरची कोयरी म्हणजे अशा शेकडो पुठ्ठ्यांचा क्रमाने वाचलेला मजकूर. शेजारशेजारचे दोन पुठ्ठे अदलाबदल होऊन ओवले गेले तर धागा तोच, रंग तोच, भोकेही तीच, पण कोयरीच्या कडेला करवतीचे दात येतात. “मग तुम्ही काय करता?” आम्ही विचारले. “धागा बदलत नाही. माळ उसवून क्रम लावतो.”

ते निघून गेले आणि आम्ही विचार करीत बसलो. जुन्या दूरचित्रवाणीचे चित्र एका दमात काढलेले नसते. आपल्या देशातल्या पद्धतीत सेकंदाला पंचवीस चित्रे असत, पण एवढ्याने पडदा लुकलुकला असता. म्हणून प्रत्येक चित्राचे दोन भाग करीत. आधी एकाआड एक ओळींचे एक अर्धचित्र आणि एकपन्नासांश सेकंदाने उरलेल्या ओळींचे दुसरे. म्हणजे एका चित्रात दोन वेगळे क्षण विणलेले असतात. संगणक ते दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून हलणाऱ्या वस्तूला दात दिसतात. दूरचित्रवाणी आणि आमचा पन्नासाचा पर्याय ती अर्धचित्रे एकामागून एक दाखवतात. पण कोणते अर्ध आधीचे, वरचे की खालचे? याबाबत सर्व यंत्रांची रीत एक नाही. डीव्ही पद्धतीच्या चित्रणात खालचे अर्ध आधी येते, तर पुष्कळशा इतर यंत्रांत वरचे. तबकडी करताना हे योग्य ते सांगावे लागते. ते उलट सांगितले गेले तर क्षण एक, दोन, तीन, चार असे न येता दोन, एक, चार, तीन असे येतात. जी वस्तू स्थिर आहे तिला याने काहीच होत नाही. जी हलते ती मात्र पुढे, मागे, पुढे, मागे अशी जाते. म्हणजे कापते.

आम्ही ते रूपांतर पुन्हा लावले आणि एकेक चित्र पुढे सरकवले. अप्पांचा हात पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला, पुन्हा मागे आला. कोणताही रोग माणसाच्या हाताला पन्नासाव्या हिश्शाच्या ठेक्याने असा नेमका मागे-पुढे नेत नाही. मग आम्ही आयुष्यात प्रथमच त्या चित्रात अप्पांना सोडून इतरांकडे पाहिले. भटजींचा अक्षता टाकणारा हात कापत होता. मांडवातून धावणारे एक पोर कापत होते. आत्याच्या हातातला विंझणा कापत होता. मांडवाचे खांब तेवढे स्थिर होते. सारे लग्न थरथरत होते आणि अकरा माणसांच्या घरात एकालाही ते दिसले नव्हते, कारण त्या दिवाळीत आम्ही सगळे एकाच हाताकडे पाहत होतो.

याहून लाज वाटावी अशी गोष्ट आणखी एक होती. कंपवाताचे कापरे बहुधा हात स्वस्थ असताना दिसते आणि हात कामाला लागला की कमी होते. अप्पांचे तसेच होते. मांडीवर हलणारा हात चहाचा पेला उचलताना पुष्कळ सावरत असे. हे आम्ही रोज पाहत होतो. पडद्यावर मात्र नेमके याच्या उलट होते. उचलताना हात कापत होता आणि ताईच्या मस्तकावर टेकल्यावर पूर्ण शांत होता. पुरावा डोळ्यांसमोर असूनही आम्ही तो वाचला नाही. तंजावरच्या सरस्वती महालातले मोडी कागद वाचणाऱ्यांना ही अडचण ठाऊक असेल. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. अक्षरे सगळी बरोबर वाचूनही शब्द भलत्या जागी तोडला तर अर्थाचा अनर्थ होतो. लिहिणाऱ्याने काही चुकीचे लिहिलेले नसते. आपण मात्र भलतेच वाचून मोकळे होतो.

इलाज अगदी छोटा निघाला. रूपांतराच्या आधी कार्यक्रमाला एक सूचना द्यायची, की या चित्रात खालचे अर्ध आधीचे समज. एका ओळीची गोष्ट. तबकडीतून काहीही हरवलेले नव्हते. प्रत्येक क्षण जागच्या जागी होता, फक्त त्यांना बोलावण्याचा क्रम चुकला होता. मात्र ही सूचना रूपांतरापूर्वीच द्यायला हवी. आमच्या आधीच्या रूपांतरात ते कापरे नव्या चित्रांत कायमचे भरले गेले होते. त्यातून ते वेगळे काढणे जवळजवळ अशक्य. म्हणून ज्यांच्या खोक्यात असे काही असेल त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे. रूपांतर झाले की मूळ प्रत फेकू नका, आणि रूपांतर करायचे ते नेहमी हाती असलेल्या सर्वांत जुन्या प्रतीवरून करा. नकलेच्या नकलेत दोषसुद्धा पक्के होतात, आणि मग ते दोष न वाटता इतिहास वाटू लागतात.

दुसऱ्या पहाटे यंत्राने काम संपवले. आम्ही ते ठिकाण लावले. कन्यादान संपले. अप्पांनी उजवा हात उचलला. तो एका रेषेत सावकाश वर गेला, ताईच्या मस्तकावर टेकला आणि तेथे जरासा रेंगाळला. अप्पांच्या आयुष्याची शेवटची आठ वर्षे आमच्या आठवणीत त्यांचा तो हलणारा हात इतका भरून राहिला होता, की त्याआधी त्यांना असा धडधाकट हात होता हेच आम्ही विसरलो होतो.

आम्ही काही कापले नाही. दोन तासांचे सगळे चित्र ताईला पाठवले आणि फोनवर जे घडले ते तिला समजेल अशा शब्दांत सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिचा प्रश्न आला तो ताईचाच. “म्हणजे दुखणे तेव्हा नव्हतेच, असे म्हणतोस?”

येथे खोटे बोलणे सोपे होते. कंपवात दिसू लागण्याच्या कितीतरी आधी शरीरात मूळ धरतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. १९९४ साली अप्पांच्या देहात काय चालले होते ते कोणती तबकडी सांगणार? आम्ही तिला म्हटले, “ते मला सांगता येणार नाही, ताई. पण ज्या हातावरून तू हे ठरवलेस तो हात कापत नव्हता. एवढे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. तूही बघ.”

दोन दिवसांनी तिचा फोन आला. तिने ते पाहिले होते. एकदा एकटीने आणि एकदा लेकीबरोबर. कापऱ्याविषयी तिने अवाक्षर काढले नाही. म्हणाली, “अरे, अप्पांनी त्या दिवशी मनगटी घड्याळ उलटे बांधले होते. तबकडी आतल्या बाजूला. घाईत असतील. मला कधी दिसलेच नव्हते.”

त्या संध्याकाळी आम्ही देवळात गेलो. नवस फेडायला नव्हे. आम्ही नवस बोललो नव्हतो आणि कापरे हरण केले त्याचे श्रेय कोणाचे, यावर देवाशी वाद घालण्याची आमची इच्छाही नव्हती. शेजारचे गृहस्थ गोपुराखाली भेटले. त्यांना आमच्या मोडक्या तमिळमध्ये सांगितले, की माळ उसवून क्रम लावला. त्यांनी मान डोलावली आणि विचारले, “धागा शाबूत होता ना?”

आम्ही म्हटले, “शाबूत होता.”